बुधवारची चोविसावी खुर्ची

“शाळेच्या बाजूला खिडकी ठेवू नका,” एमोरी सुतार म्हणाला होता. “आत बसतील त्यांचं काही नाही. पण जी पोरं आत येणार नाहीत, ती समोर दिसत राहतील. ते कोण बघत बसणार?”

माझा नुसता सांगाडा तेव्हा त्याच्या अंगणात उभा होता. चर्चच्या बायकांनी त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं. त्यांना उजेड हवा होता. मीही मनात म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे. मला तर खिडकी हवीच होती. नव्याने जन्माला आलेल्या कुणाला बाहेर बघावंसं वाटणार नाही?

मित्रांनो, मी चाकांवरची एक वर्गखोली आहे, आणि आता फार जुनी झाले आहे. वर्गखोलीला चाकं कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टात आहे. १९४८ साली त्या कोर्टाने सांगितलं की सरकारी शाळेच्या इमारतीत धर्माचा तास घ्यायचा नाही. तोपर्यंत व्हर्जिनियाच्या आमच्या खोऱ्यात गार्बरबाई आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जात, वर्गात बायबलच्या गोष्टी सांगत आणि प्रार्थना म्हणून घेत. कोर्टाचा कागद आला आणि बाईंना दाराबाहेर उभं राहावं लागलं. मग चर्चच्या बायका एकत्र जमल्या. इमारतीत नको ना, मग इमारतीबाहेर घेऊ, असं त्यांनी ठरवलं. शरदात त्यांनी तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत सफरचंदं आटवली, त्याचा गोड मुरंबा बाटल्यांत भरून विकला, आणि त्यातून मी उभी राहिले.

माझं खालचं अंग गवताच्या जुन्या गाडीचं, भिंती देवदाराच्या आणि डोक्यावर पत्रा. एमोरीने मला हिरवा रंग दिला. आत लहान मुलांच्या चोवीस घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात रॉकेलची शेगडी आणि पुढे फलालीनच्या लोकरी कापडाचा फळा. त्या फळ्यावर कापडाची नाव चिकटायची, कापडाचे हत्ती चिकटायचे, कापडाचा पूर यायचा. एमोरी ट्रॅक्टरला मला जोडायचा आणि दर दिवशी एका शाळेच्या कुंपणाशी नेऊन सोडायचा. शाळांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत. मी त्यांना वारांनी ओळखत असे. सोमवारची शाळा, मंगळवारची शाळा, बुधवारची शाळा.

माझी पहिली पंधरा वर्षं फार सुखाची गेली. घंटा झाली की मुलं रांगेने माझ्या पायऱ्या चढत. हातात घरून सही करून आणलेलं हिरवं कार्ड असे. कार्ड असेल त्यालाच आत घ्यायचं, हा नियम होता. हिवाळ्यात ओल्या लोकरीचा वास माझ्यात भरून राही. मुलं मोठ्याने प्रार्थना म्हणत तेव्हा माझा पत्रा थरथरे. निघताना प्रत्येकाला पेपरमिंटची एक कांडी मिळे. लोक मला ‘आपली खोली’ म्हणत. रस्त्याने जाताना बायका हात करत. मला वाटे, माझ्याशिवाय ह्या खोऱ्याचं पान हलत नाही.

निळ्या फितीची कल्पना गार्बरबाईंची. ज्या शाळेचा तिसरीचा वर्ग पूर्णच्या पूर्ण येईल, एकही मूल मागे न राहता, त्या शाळेच्या नावाने माझ्या भिंतीवर ठोकलेल्या खिळ्यावर त्या निळी फीत टांगत. फीत नाताळपर्यंत टिकली की त्या वर्गाला आइस्क्रीमची मेजवानी. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना मुलं हवी होती. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि बहिणीच्या घरी वरच्या एका खोलीत त्या राहत. भरलेल्या खुर्च्या बघितल्या की त्यांचा चेहरा उजळायचा. मी तो बघायची आणि मलाही बरं वाटायचं.

मग कोर्टाचा दुसरा निकाल आला. आता शाळेत सकाळची प्रार्थना आणि बायबलवाचनही बंद. खोऱ्यातली माणसं संतापली. तोवर मी एक खोली होते, आता मी निशाण झाले. बुधवारच्या शाळेच्या हेडमास्तरांनी घाबरून टेप लावून मोजणी केली, तर माझं एक चाक चार इंच शाळेच्या हद्दीत होतं. पाच माणसं टेप घेऊन अर्धा तास वाद घालत उभी होती. एमोरी ट्रॅक्टरवर बसून म्हणाला की आता देवालाही चार इंच मागे सरकवा म्हणतायत, सरकवतो बापडा. हेडमास्तरांनी डांबरावर पिवळी रेघ मारून घेतली. रेघेच्या अलीकडे चर्च, पलीकडे सरकार.

त्याच्या पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, फीबी हॅव्हिलंड तिसरीत आली.

तिचे वडील दूध तपासायच्या सरकारी नोकरीवर बदलून आले होते. ती माणसं क्वेकर पंथाची. त्यांच्या प्रार्थनेत पाद्री नसतो, गाणी नसतात, पाठ केलेले शब्द नसतात. सगळे एका साध्या खोलीत तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सुचलं तर ते उठून बोलतात, नाही सुचलं तर तसेच हात मिळवून घरी जातात. घड्याळ लावून, कुणाच्या तरी सांगण्यावरून प्रार्थना म्हणायची हे त्यांना पटत नसे. म्हणून फीबीच्या आईने, हेस्टरने, हिरव्या कार्डावर सही केली नाही. भांडली नाही, कुणाला काही म्हणाली नाही. कार्ड फक्त कोरं परत आलं.

त्या बुधवारी तेवीस मुलं माझ्या पायऱ्या चढली, आणि समोरच्या खिडकीत एक मूल दिसलं.

तुम्हाला वाटेल, मागे राहिलेल्या मुलीला बाई काही शिकवत असतील. तसं नव्हतं. मुलं माझ्यात असताना वर्गात नवीन काही शिकवायचं नाही, असाही नियम होता, कारण तेवीस जणांचं नुकसान झालं असतं. त्यामुळे शिफलेटबाई, म्हणजे तिच्या वर्गाच्या बाई, तिला पेन्सिलींना टोक काढायला देत. पेन्सिली संपल्या की फळ्याचे डस्टर खिडकीबाहेर झटकायला देत. खडूच्या धुळीने फीबीचे केस पांढरे होत. लांबून ती एखाद्या छोट्या आजीसारखी दिसायची. मग तीही कामं संपत आणि ती तेवीस रिकाम्या बाकांमध्ये हात मांडीवर ठेवून बसे.

मी बघायची. दर बुधवारी साडेदहाला नको म्हटलं तरी बघायची. तिने डबा खाल्ला असेल का? तिला त्या वर्गात ऊब मिळते का? आज तिचे डोळे लाल का दिसतात? माझ्या पोटात तेवीस मुलं असायची, पण जीव त्या एकीत अडकलेला.

बुधवारच्या खिळ्यावर त्या वर्षी फीत लागली नाही. मुलांनी हिशेब केला आणि फीबीचं नाव ‘वजाएक’ पडलं. चोवीस वजा एक. रीबा नावाची मुलगी तिच्या शेजारच्या बाकावर बसे. तिला आइस्क्रीमची फार आस होती. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या पायरीपाशी तिने फीबीला गाठलं.

“माझी आई म्हणते, तुमच्या घरी देवच नाहीये.”

“आहे की,” फीबी म्हणाली. “पण आमच्यात तो गप्प बसल्यावर येतो.”

“मग वर्गात एकटी बसतेस तेव्हा येत असेल.”

फीबीने थोडा वेळ खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “एकटीला जमत नाही ते. सगळे लागतात.”

रीबाला ह्यावर हसू आलं. मला नाही आलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी रांग आली तेव्हा तिच्या टोकाला फीबी होती. हातात हिरवं कार्ड. माझा पत्रा ऊन नसताना तापल्यासारखा झाला. गार्बरबाईंनी कार्ड हातात घेतलं. त्यावर आईचं नाव होतं, गोल गोल अक्षरांत, आणि अक्षरांखाली पेन्सिलची सरळ रेघ मारून नंतर खोडलेली होती. बाईंनी तीस वर्षं मुलांचं अक्षर बघितलेलं. आठ वर्षांच्या हाताचं अक्षर त्यांना डोळे मिटून ओळखता आलं असतं. त्या कार्डाकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मागे तेवीस मुलं एकदम चिडीचूप झाली होती आणि सगळ्यांचे डोळे त्या रिकाम्या खिळ्यावर होते.

“ये बाळ, आत ये,” बाई म्हणाल्या.

मी एखादी पायरी करकरवून सांगू शकले असते. दार अडकवून धरू शकले असते, जुनी दारं अडकतातच. पण मी काही केलं नाही. चोविसावी खुर्ची भरली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता. मित्रांनो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

फीत लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, मोठ्याने म्हटली, आणि आमेन म्हणून डोळे उघडले. फीबीचे डोळे मिटलेलेच राहिले. ती अजून कशाची तरी वाट बघत होती. रीबा म्हणाली, झोपली वाटतं, आणि सगळी खोली हसली. बाईही जराशा हसल्या आणि म्हणाल्या की अगं, झालं, आमेन झालं. फीबीने डोळे उघडून चहूकडे बघितलं. निघताना मिळालेली पेपरमिंटची कांडी तिने कोटाच्या खिशात घातली.

असे तीन बुधवार ती आली.

चौथ्या बुधवारच्या आधी, मंगळवारी दुपारी, हेस्टर हॅव्हिलंड माझ्या पायऱ्यांशी आली. मी तेव्हा मंगळवारच्या शाळेपाशी होते, ती शोधत शोधत तिथवर आली होती. हडकुळी, तरुण, केस घाईने बांधलेले. मुलं गेली होती आणि गार्बरबाई खुर्च्या नीट लावत होत्या. हेस्टर आत आली नाही. तिने हात पुढे केला. तळहातावर पेपरमिंटच्या तीन कांड्या होत्या, एकीलाही जीभ लागलेली नाही, नुसती कोटाची लोकर चिकटलेली.

“अस्तरात सापडल्या,” ती म्हणाली. “खाऊन टाकल्या असत्या तर मला कळलंही नसतं.”

बाई म्हणाल्या की त्यांना वाटलं, एकटी बसण्यापेक्षा बरं.

“ते मलाही वाटतं हो, बाई. दर बुधवारी साडेदहाला मी घरात घड्याळाकडे बघत उभी असते. कणीक तशीच राहते. कितीदा वाटलं, जाऊ दे, करावी सही.” तिचा आवाज चढला नाही. “पण ती खोटं लिहून तुमच्याकडे आली आणि तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही तिला तिच्यासाठी आत नाही घेतलं. त्या खिळ्यासाठी घेतलं.”

हातातली खुर्ची बाईंनी मिटली, उघडली, परत मिटली.

“आमच्या घरी सगळे गप्प बसतात,” हेस्टर जाताना म्हणाली, “पण आता ती जी गप्प बसते ना, ते मला ओळखू येत नाही.”

फीबी परत वर्गातच बसू लागली. हॅव्हिलंड मंडळींनी मागितलं एवढंच, की ती फीत काढा. पण खोऱ्यात बातमी पोचेपर्यंत तिचं झालं असं, की त्यांना खोलीच उठवायची आहे. एका शनिवारी दुपारी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सभा भरली. मला मुद्दाम ओढून नेऊन बाहेर उभं केलं होतं, दाराशी, सगळ्यांना दिसावं म्हणून. सुट्टीच्या दिवशी रेघ कुणी मोजली नाही. आत माणसं भिंतीला टेकून उभी राहिली इतकी गर्दी. उघड्या खिडक्यांतून मला सगळं ऐकू येत होतं. एक पाद्री म्हणाले की एका घरासाठी अख्ख्या खोऱ्याने देव सोडायचा का. शहरातून आलेला एक वकील म्हणाला की ह्या मुलीच्या नावाने तो कोर्टात जाईल, देशभर नाव होईल. कुणी म्हणालं आपली जुनी रीत, कुणी म्हणालं कायदा. दोन्हीकडची माणसं फीबीचं नाव घेत होती. काहींना ते नीट उच्चारताही येत नव्हतं.

आणि फीबी माझ्या पायरीवर बसली होती. आईवडील आत अडकले होते आणि ती हळूच बाहेर आली होती. भिंतीपलीकडे चारशे माणसं तिच्याविषयी बोलत होती आणि इथे तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. ती बुटाच्या टोकाने माझं चाक हळूहळू ठोकत होती. तिच्या प्रत्येक ठोक्याला मला उत्तर द्यावंसं वाटलं.

गार्बरबाई बाहेर आल्या. त्यांना आत भाषण करायचं होतं, हातात कागद होता. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि त्या खालच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “तुमच्यासारखं गप्प बसायचं म्हणजे कसं गं? मला नाही येत.”

फीबीने त्यांच्याकडे बघितलं. “आधी पाय हलवायचे थांबवा,” ती म्हणाली, आणि स्वतःचा बूट थांबवला.

त्या दोघी किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. आत टाळ्या पडल्या, आरडाओरड झाली, परत टाळ्या पडल्या. ह्या दोघींनी वळून बघितलं नाही.

सभेने काहीच ठरवलं नाही. पण सोमवारी गार्बरबाईंनी सगळ्या खिळ्यांवरच्या फिती स्वतः काढल्या आणि मेजवानी रद्द केली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय. आता तेवीस मुलांचं आइस्क्रीम गेलं होतं आणि ते कुणामुळे गेलं हे त्यांना ठाऊक होतं. तोवर ती फीबीला चिडवत तरी होती. आता तिच्याशी बोलणंच बंद झालं. चांगलं करायला जावं तर असं होतं कधीकधी.

बाईंना ते खिडकीतून दिसलं. पुढच्या बुधवारी त्यांनी फलालीनचा फळा मदतनीस मुलीकडे सोपवला, चोविसावी खुर्ची उचलली आणि बाहेर नेली. शाळेच्या आवारात तासाच्या वेळी पाय ठेवायची त्यांना मनाई होती. त्यांनी पिवळ्या रेघेला टेकून खुर्ची मांडली आणि बसल्या. थोड्या वेळाने शाळेचं दार उघडलं. शिफलेटबाईंनी फीबीला तिची खुर्ची घेऊन बाहेर सोडलं होतं. फीबीने रेघेच्या पलीकडून खुर्ची लावली. दोघींच्या गुडघ्यांमध्ये एक वीतभर अंतर आणि त्या अंतरात ती रेघ.

त्या काही बोलल्या नाहीत. बायबल नव्हतं, गाणं नव्हतं. एकदा बाईंनी स्वतःची शाल काढून रेघेवरून तिच्या गुडघ्यांवर टाकली. तिसऱ्या बुधवारी बोचरा वारा होता तरी दोघी बसल्या. फीबीचे डोळे मिटलेले होते, आणि ह्या वेळी ती ते उघडेपर्यंत कुणीतरी थांबलं होतं.

चार बुधवार. मग हेडमास्तरांकडे दोन पत्रं आली. एकात लिहिलं होतं की ह्या बाई लपूनछपून शाळेच्या हद्दीत धर्म शिकवतात. दुसऱ्यात लिहिलं होतं की ह्या बाई एका परक्या मुलीसाठी आपली तेवीस मुलं वाऱ्यावर सोडतात. पत्रं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांची होती, पण मागणं एकच. हेडमास्तर टोपी हातात घेऊन आले. माणूस वाईट नव्हता.

“बाई, गप्प बसण्याबद्दल कायद्यात काही नाही,” ते म्हणाले. “पण तक्रारीत आहे.”

नाताळात चर्चच्या समितीने गार्बरबाईंना केक कापून निरोप दिला. त्या वर्षभर आधीच दमल्या होत्या, असं सगळे म्हणाले. फीबीला बुधवारी साडेदहाला ऑफिसमागच्या, कागद ठेवायच्या खोलीत बसवायचं ठरलं. तिच्याच भल्यासाठी, म्हणजे मुलांची नजर नको. त्या खोलीला खिडकी नव्हती. निदान माझ्या बाजूला तरी नव्हती. मी शाळेचं वर्ष संपेपर्यंत बघत राहिले. समोरच्या काचेत तेवीस रिकामे बाक दिसायचे आणि एक चोविसावा. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाल्याचं कुणीतरी माझ्या पायरीवर बसून बोललं. कुठे झाली ते बोललं नाही.

माझं पुढचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. आणखी काही वर्षं मी फिरले. मग पत्रा गळायला लागला, माझ्या जागी नवी, ॲल्युमिनियमची खोली आली आणि मला कोंबड्यावाल्याने नेलं. आता मी त्याच्या आवारामागे गवतात उभी आहे. माझ्यात अंड्यांचे रिकामे खोके ठेवतात. चाकं मातीत गेली आहेत. कुणी येत नाही.

प्रार्थना शाळेत असावी की नसावी, हे मला विचारू नका. मी त्या भांडणातली एक बाजू होते, मला न्याय करता येणार नाही. मोठी माणसं अजून भांडतायत म्हणे, आणि भांडण खरंच मोठं आहे. मी रोज विचार करते तो दुसऱ्याच गोष्टीचा. बंद खोलीत बसवल्यावर ती पाय हलवत होती का? कुणी तिला विचारलं का, थंडी वाजते का म्हणून? तिच्या आईला हे सगळं कधी सांगितलं का तिने?

मी जाऊन बघू शकले नाही. मला चाकं होती, पण मला नेहमी दुसऱ्या कुणीतरी ओढलं. मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत. उद्या तुमचा वर्ग रांगेने कुठे निघाला, प्रार्थनेला, सणाला, सहलीला, कशालाही, आणि एखादं मूल बाकावरच राहिलं, तर दारातून एवढं मागे जा. त्याला ओढून आणू नका. का येत नाहीस म्हणून विचारू नका. त्याच्या शेजारी जरा टेका, आणि ते बरं आहे ना, तेवढं बघून या.